लांब उडीची कॅसेट

मी पीटीची बाई. आता वेळापत्रकात 'शारीरिक शिक्षण' लिहितात, पण नव्वदच्या दशकात इंदापूर तालुक्यातल्या आमच्या हायस्कूलात मुलांपासून शिपायापर्यंत सगळे मला पीटीच्या बाईच म्हणायचे. गळ्यात शिट्टी अडकवून एक बाई मैदानावर उभी राहते, याचंच लोकांना पहिलं वर्षभर नवल वाटायचं. मैदान पुणे-सोलापूर रस्त्याला लागून होतं. ट्रकवाले मुद्दाम हॉर्न वाजवत जायचे. मी मान वळवून बघायची नाही.

मी कडक होते. नरम राहिलं तर इथं आपला निभाव लागायचा नाही, असं मी मनाशी धरूनच आले होते. माझं माहेर माळेगावचं. वडील साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर. आमच्या समाजातली मैदानावरची नोकरी धरलेली मी पहिलीच मुलगी. "चूक काढायला लोक टपलेले असतात, तू जागाच ठेवू नको," असं वडील मला नोकरीच्या पहिल्या दिवशी म्हणाले होते. मी जागा ठेवली नाही. रांग वाकडी झाली की माझा हात उठायचा. मुलं मला घाबरायची आणि मला त्यात काही गैर वाटायचं नाही. उलट बरंच वाटायचं.

त्या वर्षी उन्हाळ्यात पुण्याला पीटी शिक्षकांचं शिबिर झालं. एका दुपारी तिथल्या प्रशिक्षकांनी आम्हाला अंधाऱ्या हॉलमध्ये बसवून टीव्हीवर लांब उडीची कॅसेट लावली. एक खेळाडू धावत आला, उडाला, वाळूत पडला. मग त्यांनी रिमोटवरचं एक बटण दाबलं आणि तीच उडी संथ झाली. पाऊल फळीवर कसं टेकतं, गुडघा कधी उचलला जातो, हात कुठं असतात, सगळं वेगळं वेगळं दिसायला लागलं. मी खुर्चीत पुढं सरकून बसले होते. इतकी वर्षं मी मुलांना लांब उडी शिकवत होते आणि लांब उडी मी आज पहिल्यांदा बघत होते.

शाळा सुरू झाल्यावर मी हेडसरांना गाठलं. आपल्या मुलींचं असं शूटिंग करू म्हटलं.

"पीटीला टीव्ही?" सर हसले. मग गंभीर झाले. "आणि मुलींचं शूटिंग म्हणता? उड्या मारतानाचं? गावात काय बोलतील?"

"कॅसेट शाळेच्या कपाटात राहील सर. कुलूप तुमचं."

आठवडाभर मागं लागल्यावर ते तयार झाले. शाळेत टीव्ही होताच, माजी विद्यार्थ्यांनी दिलेला. तो एरवी लोखंडी कपाटात असायचा आणि क्रिकेटच्या मॅचला बाहेर यायचा. व्हीसीआर आणि कॅमेरा माझ्या मावसभावाचा. तो बारामतीत लग्नांची शूटिंग करायचा. हंगाम नसल्यानं मोकळाच होता.

हे सगळं मी करत होते ते खरं तर एका मुलीसाठी.

ती नववीत होती. उंच, काटक, पायानं वाऱ्यासारखी. डाळजकडच्या एका शेतवस्तीवरून रोज चालत यायची. बोलायला अगदी कमी. पहिल्यांदा ती वाळूच्या खड्ड्याजवळ धावली तेव्हा मी मनात म्हटलं, ही जिल्ह्याला जाणार. पण दोन वर्षं झाली तरी तिची एक गोष्ट सुधारेना. धाव छान घ्यायची, फळी जवळ आली की तिची मान थोडी उजवीकडं वळायची, खांदा वाकडा व्हायचा आणि पाय फळीच्या पुढं पडायचा. फाऊल. आदल्या वर्षी इंदापूरला तालुक्याच्या स्पर्धेत तिच्या तिन्ही उड्या फाऊल गेल्या. पंचांनी तीनदा लाल झेंडी वर केली आणि मी सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडले.

मान सरळ ठेव, हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल! फळीच्या उजव्या बाजूला उभी राहून मी हातानं खुणा करायची: अजून वेग, आता, आता. तिचं लक्षच नसायचं. मला तो सरळसरळ उर्मटपणा वाटायचा.

एका शुक्रवारी मावसभाऊ खांद्यावर भला मोठा कॅमेरा घेऊन आला. "ताई, लग्नात मी नवरीला हळू चाल म्हणून सांगतो. हितं उलटंच हाय," म्हणाला. दहा-बारा मुली होत्या. ओढण्या कमरेला घट्ट बांधून त्या एकेक करून उड्या मारत होत्या आणि कॅमेऱ्याकडं बघून लाजत होत्या. मी त्यांना दोन-चारदा दटावलं. थोड्या वेळानं कॅमेरा आहे हे मुली विसरल्या. मीही विसरले.

दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही आठवीच्या वर्गाच्या खिडक्यांना जाजमं लावून अंधार केला. वीज होती, हे नशीब. मुली खाली बसल्या, हेडसर खुर्चीवर, मावसभाऊ व्हीसीआरपाशी. रिमोट मी हातात घेतला.

सुरुवातीची पंधरा मिनिटं फार मजेची गेली. आपापली उडी आली की मुली तोंडावर हात घेऊन हसायच्या. मी चित्र थांबवून दाखवायची, "हे बघ, तुझा एक पाय आधी पडतोय. हे बघ, तू खाली बघतेस." एका मुलीची तीन वर्षांची चूक तिला तीन सेकंदांत कळली. हेडसर पुढं वाकून म्हणाले, "बाई, हे प्रकरण भारी आहे. गणितालासुद्धा असं काही करता येईल का हो?" मला फार अभिमान वाटला.

मग तिची उडी आली. धाव, मान वळली, खांदा वाकला, पाय फळीच्या पुढं. वाळूतून उठून ती अंग झाडत परत येत होती. मावसभावानं कॅमेरा बंद केलेलाच नव्हता. पडद्यावर उजवीकडून एक बाई आली. साडीचा पदर खोचलेला, गळ्यात शिट्टी, चेहरा रागानं आवळलेला. "डोळे फुटलेत का गं तुझे? एवढी मोठी फळी दिसत नाही?" ती बाई ओरडली आणि मुलीच्या उजव्या अंगाला उभी राहून, हात पूर्ण मागं नेऊन तिनं तिच्या उजव्या गालावर मारलं. आवाज टीव्हीतून स्पष्ट आला.

ती बाई मी होते.

तिला मारल्याची मला आठवणसुद्धा राहिलेली नव्हती. कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मारली असेल एखादी टपली. ही टपली नव्हती. मी वर्गात नजर फिरवली. हेडसरांना राग आला असेल, मुली घाबरल्या असतील, असं मला वाटलं होतं. हेडसर चष्मा पुसत होते. मुली खुदुखुदू हसत होत्या. जिला मारलं तीसुद्धा थोडी हसली.

"बाई, परत लावा की!" एक मुलगी म्हणाली.

त्या वर्गात धक्का बसलेली मी एकटीच होते.

मी कॅसेट मागं घेतली. का घेतली ते सांगता येत नाही. बहुतेक बटण बंद करायचंच सुचलं नाही. हात संथ चित्राच्या बटणावर गेला आणि तो प्रसंग हळूहळू पुढं सरकू लागला. माझा हात मागं गेला. वर आला. चित्रावर पांढऱ्या रेघा थरथरत होत्या. हात तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर आला, चार बोटांवर आला, आणि ती मुलगी शांतपणे समोर बघत होती. पापणी हलली नाही. खांदा आवळला नाही. हात गालावर बसला आणि मग, त्यानंतर, ती दचकली.

मी परत मागं घेतलं. पुन्हा तेच.

त्याच कॅसेटमध्ये थोडं आधी मी दुसऱ्या एका मुलीवर नुसता हात उगारला होता. मी तिथवर गेले. माझा हात कमरेच्या वर यायच्या आत त्या पोरीनं डोकं दोन्ही हातांत लपवलं होतं. माझ्या शाळेतली सगळी पोरं तशीच करायची. हात दिसला की अंग चोरायची. हिला हात दिसलाच नव्हता.

मी टीव्ही बंद केला. "जा घरी सगळ्या," म्हटलं. हेडसर म्हणाले, "अहो, राहिलेल्या उड्या?" मी त्यांना नंतर दाखवते म्हटलं. तिला मात्र थांबवून घेतलं.

खिडकीवरचं एक जाजम काढलं आणि तिला उजेडात उभी केली. दोन वर्षं ती मुलगी रोज माझ्यासमोर येत होती. मी तिचे पाय बघितले होते, गुडघे, खांदे, पावलांमधलं अंतर. तिच्या डोळ्यांत कधी बघितलं नव्हतं. उजव्या बुबुळावर मधोमध एक धुरकट ठिपका होता. तांदळाच्या कणीएवढा. बघणाऱ्याला दिसेल असा.

"डावा डोळा झाक," मी म्हटलं. तिनं झाकला. मी दोन बोटं धरली. "किती?"

ती थोडी पुढं वाकली.

"किती बोटं आहेत?"

"तीन?" तिनं अंदाज केला. मग हळूच म्हणाली, "न्हाय दिसत, बाई. नुसता उजेड दिसतो."

"कधीपासून?"

"चौथीत हुते तवापासनं. उसाचं पातं लागलं."

मी बाकावर बसले. आता मान का वळायची ते कळत होतं. फळी जवळ आली की ती चांगला डोळा पुढं आणायला बघायची. आणि मी दोन वर्षं तिच्या उजव्या बाजूला उभी राहून हात हलवत होते.

"मला सांगितलं का नाहीस तू? एकदा तरी?"

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला माझा प्रश्नच कळला नसावा.

"तुमाला म्हायती हाय असं वाटलं मला."

"मला? मला कसं माहीत असणार?"

"तुमी रोज म्हनता की, डोळे फुटलेत का म्हनून."

हे ती कुठल्याही तक्रारीनं बोलली नाही. घडलं ते सांगावं तसं सांगितलं. म्हणजे दोन वर्षं ही पोर असं धरून चालली होती, की बाईंना माझा डोळा गेलाय हे ठाऊक आहे, आणि त्या मला चार मुलींत तेच बोलून दाखवतात. तरी ती रोज सकाळी शाळा भरायच्या आधी तासभर येत होती. मला रडू आलं आणि ते मी तिच्यासमोर आवरलं नाही. ती घाबरली. "बाई, मी फाऊल न्हाय करनार आता," म्हणाली. त्या वाक्यानं तर मी आणखीच मोडले.

तसंच मी तिच्याबरोबर चालत वस्तीवर गेले. तिची आई गोठ्यापुढं वैरण टाकत होती. शाळेच्या बाई दारात बघून तिनं डोक्यावरचा पदर सावरला. "काय केलं का वं हिनं?"

"तिनं काही नाही केलं. मी केलं," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. मारलं, तेही सांगितलं.

मारल्याचं तिच्या कानावरून गेलं. "मग काय झालं त्याला? तुमीच मारनार, तुमीच शिकवनार." पण डोळ्याचा विषय निघाला तशी ती एकदम खाली बसली. "बाई, हळू बोला," म्हणाली. मग सांगत गेली. पाचट वेचताना पातं लागलं. चार दिवस बाळंतिणीचं दूध घातलं डोळ्यात. लाली गेली, पोर शाळेत जाऊ लागली, बरं झालं असं वाटलं. बुबुळावर पांढरं फूल पडलेलं नंतर कळलं.

"डॉक्टरला नाही दाखवलं?"

"दावलं असतं तर समद्यांला कळलं असतं. उद्या सोयरीक आली म्हंजी? पोरीची जात हाय. मीच म्हनलं हिला, कुनापाशी बोलायचं न्हाय." तिनं माझा हात धरला. "तुमी बी बोलू नगा, बाई."

मी कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं. पण डॉक्टरला दाखवायचंच, हेही तिच्याकडून कबूल करून घेतलं. पुढच्या सोमवारी मी रजा टाकली आणि आम्ही तिघी बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी बराच वेळ तपासलं. बुबुळावर व्रण आहे, जुना आहे, पहिल्या आठवड्यात आणली असती तर एवढं झालं नसतं, असं त्यांनी सांगितलं. पुण्याला बुबुळ बदलण्याची शस्त्रक्रिया होते, नाव नोंदवून ठेवू, पण कधी नंबर लागेल सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, "मुलगी काय करते खेळात?"

"लांब उडी."

डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. "एका डोळ्यानं अंतराचा अंदाज लवकर येत नाही. पळत येऊन ही फळीच्या आसपास पाय टाकते, हेच मला खरं वाटत नाही."

आसपास. दोन वर्षं त्याच आसपाससाठी मी तिला बोलत होते.

सोमवारची रजा संपवून मी मंगळवारी शाळेत गेले आणि हेडसरांना म्हटलं, प्रार्थनेनंतर मला मुलींशी बोलायचंय. मी त्या दहा-बारा जणींना मैदानावर गोल बसवलं आणि सांगितलं, कॅसेटमध्ये मी मारलेलं तुम्ही बघितलं, ते चूक होतं, यापुढं मी मारणार नाही. त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणीतरी फिसकन हसली. एकीनं विचारलं, "बाई, तुमची बदली झाली का?" हेडसरांनी नंतर मला ऑफिसात बोलावून समजावलं. "एका चापटीचं एवढं काय घेऊन बसलात? पोरांपुढं असं बोललं तर धाक राहत नाही." मी त्यांना म्हटलं, "सर, तुम्ही ती कॅसेट एकदा हळू लावून बघा." त्यांनी बघितली की नाही, मला माहीत नाही. मात्र मी एका पुठ्ठ्यावर लहानमोठी अक्षरं काढून प्रत्येक वर्गाचे डोळे तपासायची परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी अडवलं नाही. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मागं राहिलेली आणखी काही पोरं त्यातून निघाली. त्यातली दोन तर रोज फळ्याकडं बघत नाहीत म्हणून मार खाणारी होती. मला झोप लागेना असे ते दिवस होते.

तिच्या उडीचं आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. आता मी डाव्या बाजूला उभी राहायचे. फळी बघायचीच नाही, पावलं मोजायची, असं ठरवलं. सतरा पावलं. सुरुवातीच्या जागेवर आणि मधे एका ठिकाणी धावपट्टीच्या डाव्या कडेला चुन्याची खूण. पहिले काही दिवस ती सारखी चुकायची आणि प्रत्येक चुकीनंतर माझ्या हाताकडं बघायची. मी हात मागं बांधून उभी राहायला लागले. मग तिची मान हळूहळू सरळ झाली. मावसभाऊ आणखी दोनदा कॅमेरा घेऊन आला. ती टीव्हीपुढं अगदी जवळ बसून स्वतःची उडी परत परत बघायची आणि मला सांगायची, "बाई, हितं चौदावं पाऊल मोठं पडलं." मला जे दिसत नव्हतं ते तिला दिसायचं.

तालुक्याच्या स्पर्धा पुन्हा इंदापूरला होत्या. तिची पहिली उडी वैध पडली. पांढरी झेंडी बघून ती तिथंच वाळूत उभी राहिली. पंचांना तिला बाजूला हो म्हणून सांगावं लागलं. दुसरीही वैध, तिसरीही. ती दुसरी आली. जिल्ह्याला एकच मुलगी जायची, ती एका दुसऱ्या शाळेची गेली. तिच्या आणि हिच्या उडीत चार बोटांचं अंतर होतं. मला वाईट वाटलं. हिला वाटलेलं दिसलं नाही. ती कॅन्टीनमधला वडापाव खात इतर शाळांच्या मुलींच्या उड्यांमधल्या चुका मोजत बसली होती.

परतीच्या एसटीला गर्दी होती. भिगवणच्या आधी एक बाक रिकामा झाला तशी मी पटकन खिडकीशी सरकले आणि तिला माझ्या शेजारी बस म्हटलं. ती बसली नाही.

"बाई, तुमी हिकडच्या अंगाला या," ती म्हणाली, भर गाडीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "त्या बाजूनं मला तुमी दिसत न्हाय."

मी उठून तिला खिडकी दिली आणि तिच्या डाव्या हाताला बसले. शाळा येईपर्यंत ती बोलत होती. दोन वर्षांत माझ्याशी जेवढं बोलली नसेल तेवढं.